बैठक सोळा आणे, कार्यक्रमपत्रिका आठ आणे: कोल्हापुरातून व्हिएतनामला नेणाऱ्या एका सहल कार्यालयाविषयी

कोल्हापुरातून परदेशी सहली नेणारी कार्यालये आता राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत पावलोपावली दिसतात, आणि त्यांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवली तर तीच छायाचित्रे, तशीच हॉटेले आणि ‘रोज भारतीय जेवण’ हेच आश्वासन सगळीकडे आढळते. ज्या कार्यालयाबरोबर आम्ही उभयता यंदा मार्चमध्ये व्हिएतनामला जाऊन आलो, त्याचे वेगळेपण मात्र माहितीपत्रकात कोठेच छापलेले नाही. सहल निघण्याच्या काही आठवडे आधी, एका रविवारी सकाळी, हे कार्यालय जाणाऱ्या मंडळींना आणि त्याच मार्गाने आधी जाऊन आलेल्या मंडळींना एकत्र बसवते, समोर चहा आणि भडंग ठेवते, आणि आपल्या माणसांना मागच्या रांगेत बसवून आधीच्या प्रवाशांना बोलू देते. ही बैठक हीच या कार्यालयाची सर्वांत मोलाची सेवा आहे, असे माझे मत झाले आहे. आणि सहलीत जेथे जेथे आमची निराशा झाली, तेथे तेथे बैठकीत कोणीतरी आधी बजावलेलेच घडले होते, फक्त कार्यालयाने ते कानाआड केले होते. तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत, म्हणून येथे नाव घेत नाही.

आधी बैठकीविषयी, कारण तिच्यातून मिळालेले कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही. उद्यमनगरातील एका कारखानदारांनी खिशातून डाँग या व्हिएतनामी चलनाच्या दोन नोटा काढून सर्वांच्या हातून फिरवल्या: एक २०,००० ची, दुसरी ५,००,००० ची. दोन्ही प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, दोन्ही निळसर, दोन्हींवर व्हिएतनामचे क्रांतिकारक नेते हो ची मिन्ह यांचा चेहरा. दिवसा उजेडात फरक कळतो. रात्रीच्या बाजारात पिवळ्या दिव्याखाली, मागून माणसांचा रेटा असताना कळत नाही. रुपयाला साधारण तीनशे डाँग हा भाव धरला तर पहिली नोट सत्तर रुपयांच्या आतबाहेरची आणि दुसरी सतराशेच्या आसपासची. ‘पाच लाखांची नोट पाकिटात नको, वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि शेवटची तीन शून्ये अंगठ्याखाली झाकून उरलेल्या आकड्याला तीनने भागा, दहाने गुणा,’ हा त्यांचा हिशेब आमच्या गटातील आजीबाईंनीही शेवटपर्यंत वापरला. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याचे तंत्र उभे राहून दाखवले. तेथे दुचाक्यांचा लोंढा कधी थांबत नाही, त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नसतो. थांबू नये, पळू नये आणि मुख्य म्हणजे अर्ध्यातून मागे फिरू नये, एका चालीने चालत राहावे, म्हणजे गाड्या आपणच दोन्ही बाजूंनी वळतात. दाभोळकर कॉर्नरला गाड्या चुकवत रस्ता ओलांडणाऱ्यांना हे शिकवावे लागते याचे हसू आले, परंतु आपली सवय पळण्याची आहे आणि तेथे पळणाराच अडचणीत येतो.

गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षिका सर्वांत कमी बोलल्या आणि सर्वांत उपयोगाचे बोलल्या. ‘कार्यक्रमात मी सोनची देवळे नाहीत. होई आनच्या मुक्कामात तुमची तुम्ही गाडी ठरवा आणि जा,’ एवढे सांगून त्या खाली बसल्या. मी सोन म्हणजे होई आन या जुन्या बंदराजवळचे प्राचीन देवळांचे ठिकाण. कार्यालयाच्या माणसाने ‘वेळ मिळाला तर बघू, बाई’ असे म्हटले, तेव्हाच ही वेळ मिळणार नाही हे कळून चुकले.

कागदपत्रांच्या बाबतीत कार्यालयाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला, आणि अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. त्यामुळे त्यासाठी वेगळे सेवाशुल्क का द्यावे, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला टेबलापलीकडे बसलेल्या मुलीने दिले, तेही न बोलता. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र छापलेले असते, कोणाचे आडनावच रिकामे असते, कोणाचे जन्मगाव एका कागदावर ‘करवीर’ आणि दुसऱ्यावर ‘कोल्हापूर’ असते. ती मुलगी पासपोर्टच्या तळाशी असलेल्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी पट्टी धरून अक्षर अक्षर वाचत होती आणि अर्जातील नावाशी ताडून पाहत होती. एका अक्षराच्या फरकाने विमानतळावर माणूस अडकू शकतो, हे लक्षात घेतले तर ते शुल्क मला जड वाटले नाही. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी स्वतः अर्ज करावा. मात्र कोणत्या विमानतळाने आत जाणार हेही त्यात आधी नोंदवावे लागते, आणि सहलीत मध्येच कंबोडियाला जाऊन परत येण्याचा बेत असेल तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही.

पैशांच्या बोलणीत हाच नेटकेपणा नव्हता. माणशी लाखाच्या थोडी पुढची जी रक्कम पहिल्या भेटीत सांगितली गेली, तिच्यात ५ टक्के जीएसटी धरलेला नव्हता आणि परदेशी सहलीच्या रकमेवर आगाऊ गोळा केला जाणारा प्राप्तिकर, म्हणजे टीसीएस, हाही नव्हता. टीसीएसचा दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत. आमच्या वेळी तो ५ टक्के होता. हा कर वाया जात नाही, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. परंतु ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही आणि जे विवरणपत्र भरतच नाहीत, अशा आमच्या गटातील दोन आजीबाईंना हे कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यांच्या नातवाला हे मी सांगितले. वास्तविक हे काम पावती फाडणाऱ्याचे होते.

मुंबईपर्यंतची बस, तेथून थेट हनोईचे विमान, सात किलोच्या हातपिशवीची मर्यादा, या गोष्टी सुरळीत झाल्या. टोप्या आणि पिवळ्या पिशव्या वाटल्या गेल्या, त्या बहुतेकांनी पहिल्याच दिवशी बॅगेच्या तळाशी घातल्या. भारतापेक्षा दीड तास पुढे असलेले ते घड्याळ पहाटे उतरणाऱ्या माणसाला फारसे जाणवत नाही. आपल्या मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर तेथे तसाच चालतो, त्यामुळे ॲडॅप्टरसाठी वेगळे पैसे घालण्याचे कारण नाही.

हनोईत कार्यक्रमपत्रिकेची पहिली उणीव उघडी पडली. हो ची मिन्ह यांचे समाधिस्थान सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशी फक्त सकाळी उघडे असते. आमच्या पत्रिकेत ते सोमवारी घातलेले होते. बैठकीत एका गृहस्थांनी हीच तक्रार केली होती आणि ती कार्यालयाच्या माणसाने वहीत लिहून घेतलेली आम्ही पाहिली होती. परिणामी आम्ही बा दिन्ह चौकात उभे राहून बाहेरूनच पाहिले, छायाचित्रे काढली आणि निघालो. ज्यांच्यासाठी हनोई म्हणजे हेच ठिकाण होते, अशा आमच्यातील एका जुन्या कामगार कार्यकर्त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सहल एक दिवस मागेपुढे करणे शक्य नसेल तर निदान मंगळवारी सकाळचा एक तास राखता आला असता. त्या सकाळी आम्हाला लाखेच्या वस्तूंच्या कारखान्यात नेण्यात आले.

त्याच शहरातील पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ मात्र मनापासून आवडला. तांबड्या नदीच्या खोऱ्यातील भातखाचरांत वाढलेली ही कला आहे. पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कलाकार लांब काठ्यांनी बाहुल्या नाचवतात, आणि बाजूला बसलेले वादक एका तारेच्या वाद्यातून माणसाच्या गळ्यासारखा सूर काढतात. भाषा कळत नसूनही शेतकरी, बदके आणि बदकांवर टपलेला कोल्हा एवढे कोणालाही कळते. येथे कार्यालयाने पुढच्या रांगांची तिकिटे काढली होती, हे आवर्जून नोंदवतो.

हालाँगच्या उपसागराविषयी नवीन सांगण्यासारखे थोडे आहे. सुमारे १,६०० चुनखडीची बेटे, १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले स्थळ, आणि नौकेवरचा रात्रीचा मुक्काम. हे सर्व छायाचित्रात दिसते तसेच आहे. नौका स्वच्छ होती, खोल्या ऐसपैस होत्या. परंतु जुलै २०२५ मध्ये याच उपसागरात अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक नौका उलटून अनेकांचा जीव गेला आहे, आणि म्हणून सुरक्षा जाकिटे कोठे आहेत हे चढल्याबरोबर दाखवणे ही औपचारिकता नव्हे. आम्हाला ते जेवणानंतर, तेही विचारल्यावर दाखवले गेले. जाताना महामार्गावरील मोत्यांच्या दुकानात गेलेला तास हा वेगळा विषय आहे. शिंपल्यात मोती कसा रुजवतात हे दाखवणारी पहिली दहा मिनिटे रंजक असतात. त्यानंतरचा वेळ काचेच्या कपाटांसमोर जातो, आणि गुजरीत पिढ्यान्पिढ्या सोने पारखून घेणाऱ्या घरांतील बायकांना तेथे कोणी फशी पाडू शकत नाही. आमच्या गटातून एकही मोठी खरेदी झाली नाही, तेव्हा स्थानिक गाइडची नाराजी त्याच्या पुढच्या बोलण्यात स्पष्ट जाणवली.

आता जेवण, ज्यावर कोल्हापूरच्या गटात सर्वाधिक चर्चा होते आणि होणे योग्यच आहे. ‘रोज भारतीय जेवण’ हे आश्वासन कार्यालयाने अक्षरशः पाळले, आणि माझी तक्रार तीच आहे. हनोईत पनीर, डाळ, जिरा राईस. दा नांगमध्ये पनीर, डाळ, जिरा राईस. सायगावात त्यांच्या जोडीला पापड. बैठकीत एकापेक्षा अधिक लोकांनी सांगितले होते की निदान एक वेळचे जेवण स्थानिक ठेवा, शाकाहारींसाठीही ते शक्य आहे. ते खरोखरच शक्य आहे. तेथील बौद्ध लोकांपैकी अनेक जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, शाकाहार पाळतात, आणि ‘चाय’ अशी पाटी असलेली शुद्ध शाकाहारी खाणावळ बहुतेक शहरांत सापडते. पाटी नसलेल्या ठिकाणी मात्र भाज्यांच्या पदार्थातही माशाचा आंबवलेला रस पडलेला असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा नुसते ‘मांस नको’ सांगून भागत नाही.

मांसाहारी मंडळींसाठी बैठकीतील सूचना आणखी नेमकी होती: ‘फो’ हा रश्श्यातील तांदळाच्या शेवयांचा प्रकार मागताना ‘फो गा’ म्हणजे कोंबडीचा असे स्पष्ट सांगावे, कारण ‘फो बो’ गोमांसाचा असतो. होई आनमध्ये एका संध्याकाळी आम्ही काही जणांनी गटाचे जेवण सोडून रस्त्याकडेच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून फो गा खाल्ला. वाफाळलेला, निवळ, मसाल्याचा वास मागे रेंगाळणारा रस्सा, वर कच्ची पालेभाजी आणि लिंबाची फोड. पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्या जिभेला तो परका वाटला नाही, फक्त अळणी वाटला. तेव्हा शाहूपुरीतल्या एका वहिनींनी पर्समधून घरच्या कांदा-लसूण चटणीची डबी काढली आणि वाडग्यात चमचाभर टाकली. खाणावळीच्या मालकीणबाईंनी वास घेतला, बोटाने चाखून पाहिली आणि डबीतली अर्धी चटणी मागून घेतली. सहलीतील जेवणांपैकी लक्षात राहिलेले जेवण ते एकच, आणि त्यासाठी कार्यालयाला काहीही करावे लागले नव्हते.

कॉफीच्या बाबतीत तर कार्यालयाने अक्षम्य कंजुषी केली आहे. ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी पिकवणाऱ्या या देशात, पेल्यावर ठेवलेल्या धातूच्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब उतरणारी दाट कॉफी आणि तळाशी आटवलेले गोड दूध, हा अनुभव पत्रिकेत कोठेच नाही. उलट हॉटेलच्या नाश्त्याला पुडीतील कॉफी मिळते. हनोईतील अंड्याच्या बलकाची कॉफी ऐकायला विचित्र वाटते, परंतु ती चाखून पाहावी.

होई आन हे थू बोन नदीकाठचे जुने बंदर १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. रात्रीचे रंगीत कंदील आणि नदीतील होड्या हे सर्वांना ठाऊक असते. मला तेथे दुसरीच गोष्ट आपली वाटली. जुन्या व्यापारी घरांच्या भिंतींवर वर्षागणिक पुराच्या खुणा केलेल्या आहेत, काही डोक्याच्याही वर; आणि वरच्या मजल्याच्या तक्तपोशीत मुद्दाम चौकोनी झरोका ठेवलेला आहे, ज्यातून पाणी चढू लागले की खालचा माल दोराने वर ओढून घेतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे आकडे ज्यांच्या तोंडी असतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांनी स्वतःच्या भिंतींवर अशा खुणा केल्या, त्या आमच्या गटातील शिरोळ तालुक्याच्या एका कुटुंबाने त्या झरोक्याखाली उभे राहून घरमालकाला इतके प्रश्न विचारले की गाइडला भाषांतर करता करता घाम फुटला. सामान किती वेळात वर जाते, वीज कधी तोडतात, चिखल कोण काढते, सरकार काय देते. गाइडने ठरवलेली पंधरा मिनिटे केव्हाच उलटून गेली होती.

याच ठिकाणी सहलीच्या हंगामाचा प्रश्न निघतो. आपल्याकडे परदेशी सहलींचा मोठा हंगाम दिवाळीच्या सुट्टीचा, आणि मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मुसळधार पावसाचे आणि पुराचे महिने. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस होई आनच्या जुन्या गावात पाणी शिरले होते आणि गल्ल्यांतून होड्या चालवाव्या लागल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे आभाळ मोकळे असते. फक्त तेत या त्यांच्या नववर्षाचे दिवस टाळावेत, कारण त्या काळात दुकाने आणि खाणावळी बंद असतात आणि गाड्यांना गर्दी असते. दिवाळीत गेलेल्या एका जोडप्याने बैठकीत आपल्या मोबाइलवरील गुडघाभर पाण्यातील छायाचित्रे दाखवली होती. कार्यालयाच्या दिवाळी सहलीची जाहिरात त्याच भिंतीवर, त्यांच्या डोक्यामागे लावलेली होती.

बा ना हिल्सविषयी माझे मत गटातील बहुसंख्यांच्या विरोधात जाईल. जवळपास ५.८ किलोमीटर लांबीची केबल कार, डोंगरमाथ्यावरचे नकली युरोपीय गाव, आणि दगडी वाटाव्यात अशा दोन प्रचंड हातांनी तोललेला २०१८ मधील सोनेरी पूल. केबल कारमधून खाली दिसणारे जंगल खरोखर सुंदर आहे आणि नातवंडांबरोबर जाणाऱ्यांना दिवस पुरणार नाही. परंतु पुलावर छायाचित्रासाठी जागा मिळवण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात चांगले संग्रहालय पाहून झाले असते. कार्यक्रमाचा अख्खा दिवस यासाठी आणि मी सोनसाठी शून्य मिनिटे, हे प्रमाण मला पटले नाही.

म्हणून आम्ही चौघांनी दुसऱ्या दिवशीची ‘मोकळी सकाळ’ वापरली. हॉटेलच्या स्वागतकक्षातून आदल्या रात्री गाडी ठरवली आणि पहाटे निघालो. होई आनपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि तिकीट माणशी १,५०,००० डाँग, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत चंपा या तेथील जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत बांधलेली ही विटांची देवळे आहेत, बहुतेक शिवाची. पहिले देऊळ उभारणाऱ्या राजाचे नाव भद्रवर्मन, आणि देवाचे भद्रेश्वर. विटा एकमेकींत अशा बसवलेल्या आहेत की सांध्यात नखही शिरत नाही. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत येथील सर्वांत भव्य शिखराचे देऊळ कोसळले. त्याच्या विटांचा ढिगारा आणि बाजूला गवताने भरलेले बाँबचे खड्डे आजही तसेच आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथे जीर्णोद्धाराचे काम केले आहे, आणि २०२० मध्ये त्याच कामात नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. आमच्यातील एकाने खिद्रापूरच्या कोपेश्वराशी तुलना सुरू केली. शिल्पांच्या बारकाव्यात खिद्रापूर उजवे आहे हे मान्य, पण घरापासून इतक्या दूर, भाषा आणि लिपी कळत नसलेल्या मुलखात योनिपीठावरचे लिंग पाहून सौ.ने चपला काढल्या, तेव्हा पहारेकऱ्याने तिला हसून आत जाऊ दिले. सकाळी आठच्या आधी पोहोचल्यास ऊनही लागत नाही आणि मोठ्या बसेसही आलेल्या नसतात. जाणे खरोखरच जमले नाही, तर दा नांग शहरातील चाम, म्हणजे चंपाकालीन, शिल्पांचे संग्रहालय तरी चुकवू नये. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात मी सोनची उत्तम शिल्पे ठेवलेली आहेत, आणि आमची बस त्यावरून थांबा न घेता गेली.

सायगाव, म्हणजे आजचे हो ची मिन्ह सिटी, घाईत उरकले गेले. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात व्हिएतनामी लढवय्यांनी वापरलेल्या कू चीच्या भुयारांत वाकून चालताना आमच्या गटातून अपेक्षित प्रश्न आलाच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवरायांचा गनिमी कावा वाचून, आणि तेथे महाराजांचा पुतळा आहे, असा मजकूर आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेला आहे. गाइडने हे कधीच ऐकलेले नव्हते. त्याने आदराने ऐकून घेतले आणि मग तेराव्या शतकात मंगोलांना परतवणाऱ्या त्रान हुंग दाओ या आपल्या सेनापतीची गोष्ट सांगितली: नदीच्या तळाशी लोखंडी टोकांचे खुंट रोवून भरतीत शत्रूची जहाजे आत येऊ द्यायची आणि ओहोटी लागली की ती खुंटांवर अडकवायची. १२८८ ची ही लढाई ऐकून आमच्या मंडळींना परतीच्या बसमध्ये बोलायला पुरेसा विषय मिळाला. संध्याकाळी आम्ही काही जण डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने बेन थान्ह बाजारापासून शहराबाहेरपर्यंत जाऊन आलो. स्वस्त, स्वच्छ, आणि दुचाक्यांच्या गर्दीच्या वरून शहर पाहण्याची सोय.

सहलीबरोबरचा टूर मॅनेजर सांगलीचा तरुण होता आणि माणूस म्हणून त्याच्याविषयी एकही उणा शब्द काढता येणार नाही. एका काकांचा रक्तदाब वाढला तेव्हा तो रात्रभर रुग्णालयात बसला, विम्याच्या कागदांचे सोपस्कार त्यानेच केले, आणि सकाळी न झोपता पुन्हा बसच्या दाराशी हजेरी घेत उभा होता. त्याच्या हातात पत्रिका बदलण्याचा अधिकार नाही, हे त्याने प्रांजळपणे सांगितले. मोत्यांच्या दुकानात किती वेळ थांबायचे हेही त्याला ठरवता येत नव्हते.

परतल्यानंतर मी दिलेल्या पत्राला कार्यालयाने उत्तर दिले, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. समाधिस्थानाचा वार पुढच्या सहलीपासून बदलला आहे. मी सोन ऐच्छिक म्हणून, वेगळे पैसे घेऊन ठेवणार आहेत. चौघांनी मिळून गाडी केल्यास ते त्याहून स्वस्तात पडते, तेव्हा घाईने हो म्हणू नये. दुकानांचे थांबे ‘तिकडच्या व्यवस्थापनाचा भाग’ असल्याने कायम राहतील. पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी मला बोलावणे आले आहे आणि मी जाणार आहे. दिवाळीच्या सहलीत होई आनचा मुक्काम मात्र अजून तसाच आहे. मुलांच्या शाळा-कॉलेजांमुळे ज्यांना तेव्हाच जावे लागणार आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी, पाणी आले तर होई आनऐवजी कोठे नेणार आणि हॉटेलचे पैसे कोण सोसणार, या दोन प्रश्नांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत आणि खाली सही-शिक्का मागावा.